वाचकांचे प्रश्न: मराठी साइटवर उकार का कापले जातात?

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्या गावच्या वाचनालयाची साइट मी बनवतोय. थीम रेडिमेड घेतली, डेमोमधे इंग्लिश मजकूर होता तेव्हा मस्त दिसत होती, पण मराठी टाकल्यावर हेडिंगची शिरोरेषा मधेमधे तुटते आणि पुस्तकांच्या कार्डवर खालचे उकार अर्धे उडतात. फॉन्ट बदलून बघितला, तरी तेच. काय करू? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: फॉन्ट बदलू नका, फॉन्टची यात चूक नाहीये. थीम लिहिणाऱ्याने रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून आकडे टाकलेत, आणि ते आकडे आपल्या लिपीला चालत नाहीत, एवढाच घोळ आहे.

शिरोरेषा तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे. इंग्लिश हेडिंग ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधे ०.०५ एम (एम म्हणजे अक्षराच्या आकाराइतकं माप) वगैरे जागा सोडलेली असते, रोमन अक्षरं सुटीच असतात त्यामुळे तिथे ते छान दिसतं, पण आपली अक्षरं वरच्या रेषेने जोडलेली, मधे जागा सोडली की रेषेला भोक पडतं. काही थीममधे उलट, आकडा मायनसमधे असतो, मग अक्षरं एकमेकांत घुसतात. मराठीत ही व्हॅल्यू सरळ शून्य ठेवायची, यात मला दुसरा पर्यायच दिसत नाही.

उकारांचं कारण लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची. इंग्लिशला अक्षराच्या आकाराच्या १.२ पट पुरते, पण आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय, हे सगळं एकाच ओळीत बसवायचं असतं. त्यात कार्डवर दोनच ओळी दाखवायच्या म्हणून ओव्हरफ्लो हिडन लावलेलं असतं, मग बाहेर आलेलं सगळं कापलं जातं आणि 'गुरु'चा 'गर' होतो. मजकुराला १.७ च्या आसपास आणि हेडिंगला १.४ च्या खाली नको. आणि हे आकडे पिक्सेलमधे देऊ नका हो, नुसता आकडा द्या, म्हणजे अक्षर मोठं झालं की ओळीची उंची आपोआप वाढते. बॉडीला २४ पिक्सेल दिलं तर ४० पिक्सेलचं हेडिंग पण तेच २४ उचलतं आणि ओळी एकमेकींवर चढतात.

आता हे लिहायचं कुठे? आधी एचटीएमएल टॅगवरचा लँग (पानाची भाषा सांगणारी नोंद) बघा, रेडिमेड थीममधे तो बहुतेकदा ईएन असतो, तो एमआर करा. हे लोक फार हलक्यात घेतात पण यावर बरंच अवलंबून आहे: ज्या फॉन्टमधे सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो (वाचनालयाच्या साइटवर दृष्टिहीन वाचक येणारच ना), आणि सीएसएसमधे (साइटचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) कोलन लँग एमआर हा सिलेक्टर (नियम कशाला लागू ते सांगणारा भाग) वापरून मराठीपुरते नियम वेगळे लिहिता येतात, इंग्लिश पुस्तकांची नावं आहेत तिथे लँग ईएन दिलंत की ती तशीच राहतात.

तरी थीमचे नियम तुमच्यावर मात करतील, कारण त्यांचे सिलेक्टर लांबलचक असतात. मग लोक प्रत्येक ओळीला इम्पॉर्टंट (हा नियम इतरांवर भारी, अशी खूण) लावत सुटतात. त्याची गरज नाही. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमधे कॅस्केड लेयर, म्हणजे नियमांचे थर आहेत. थीमची फाइल इम्पोर्ट करतानाच एका लेयरमधे टाका आणि तुमचे नियम लेयरच्या बाहेर लिहा, बाहेरचा नियम जिंकतो, सिलेक्टर कितीही छोटा असो. फक्त थीममधेच इम्पॉर्टंट लिहिलेलं असेल तर गणित उलटं फिरतं, लेयरमधलं इम्पॉर्टंट बाहेरच्यावर भारी पडतं, ते तेवढं शोधून काढून टाका.

आणखी एक, तिरपी अक्षरं. बऱ्याच देवनागरी फॉन्टमधे इटॅलिक नसतंच, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घ्या, त्याला वजनं २०० ते ८०० पर्यंत आहेत पण इटॅलिक नाही, मग ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरपं करतो आणि ते वाईट दिसतं. फॉन्ट-सिंथेसिस-स्टाइल नन करा, म्हणजे ब्राउझर असं ढकलणार नाही, आणि जोर द्यायला ठळक वजन वापरा. खरं इटॅलिक हवंच असेल तर टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमधे आहे.

प्रश्न: एकच कार्ड मुख्य भागात आडवं आणि साइडबारमधे उभं हवंय. मीडिया क्वेरीने जमत नाहीये, जावास्क्रिप्ट लावू का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर: नको. मीडिया क्वेरी स्क्रीनची रुंदी बघते, तुम्हाला कार्डाला मिळालेल्या जागेची रुंदी हवीये, त्यासाठी कंटेनर क्वेरी आहे. क्रोम आणि सफारीत २०२२ ला आली, फायरफॉक्समधे फेब्रुवारी २०२३ ला, आता बिनधास्त वापरा. कंटेनर-टाइप इनलाइन-साइझ द्यायचं ते कार्डाच्या बाहेरच्या डब्याला, कारण कंटेनर स्वतःच्या क्वेरीने स्वतःला बदलू शकत नाही, बहुतेक जण इथेच अडकतात. आणि तो डबा फ्लेक्समधे (डबे शेजारी मांडायची सीएसएसची पद्धत) असेल तर त्याला रुंदी द्या किंवा फ्लेक्स-ग्रो १ करा, नाहीतर रुंदी काढताना आतला मजकूर धरला जात नाही आणि ती शून्यावर येते.

प्रश्न: यादीत १, २, ३ असे मराठी आकडे आपोआप येतील का? सध्या हाताने टाइप करतोय. (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: येतील सर, लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी लिहा, झालं. सीएसएस काउंटरमधे (आपोआप मोजणीची सोय) पण हेच नाव चालतं, म्हणजे 'आकृती १', 'आकृती २' सुद्धा आपोआप. प्रश्नपत्रिकेसारखं अ, ब, क, ड हवं असेल तर ॲट काउंटर-स्टाइल (स्वतःची क्रमांकपद्धत ठरवायची सोय) लिहून सिस्टिम अल्फाबेटिक द्या, सिम्बॉल्समधे ही अक्षरं त्याच क्रमाने लिहा आणि सफिक्समधे कंस टाका. सफारीत हे २०२३ च्या १७ व्या आवृत्तीपासून चालतं, त्याआधीच्या आयफोनवर साधे इंग्लिश आकडे दिसतील, प्रश्न काही हरवणार नाहीत.