साठातल्या चौपन्न गोळ्या

मावशी, नमस्कार. मी भूम तालुक्यातली, वय बत्तीस. आमचे मालक छत्तीस वर्षांचे आहेत, त्यांना जबड्याचा कॅन्सर आहे. बार्शीला ऑपरेशन झालं, लाईट दिली, किमो झाली. दिवाळीनंतर मानेत डाव्या बाजूला परत गाठ आली. चौथी स्टेज आहे, आता बरं होणं नाही, घरी ठेवा आणि त्रास होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुडी सोडा म्हणून अकरा वर्षं मी घसा कोरडा केला, त्यांनी ऐकलं नाही. ते जाऊ द्या. माझं दुःख वेगळंच आहे. माणूस पार बदललाय. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. परवा मुलगा शाळेतून आला आणि पळत जाऊन त्यांच्या गळ्यात पडला, तर असं ढकललं की तो चौकटीवर आदळला. तेव्हापासून तो त्या खोलीत जात नाही. हे पेजेची वाटी फेकून देतात, रात्रभर बाजेवर बसून डुलत राहतात. सासूबाई म्हणतात, मरणाच्या भीतीनं डोकं फिरलंय. दुखण्याच्या गोळ्या तीन आठवड्यांपूर्वी दिल्यात, दर चार तासाला एक आणि झोपताना दोन. पण त्या अफूच्या आहेत म्हणे. सवय लागू नये म्हणून मी कपाटात कुलूप लावून ठेवल्यात, फारच झालं तर एखादी देते. साठातल्या चौपन्न अजून शिल्लक आहेत. दीर म्हणतात, दीड एकर काढू आणि मुंबईला नेऊ. मला एवढंच सांगा, मुलांच्या मनात बाप असाच रागीट राहील का? त्यांचा मेळ कसा घालू?

*

मावशी म्हणालीस म्हणून अगंतुगं करते. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच आकड्यावर अडले. चौपन्न.

हिशेब केलास का कधी? दर चार तासाला एक, झोपताना दोन, म्हणजे दिवसाच्या सहा. साठ गोळ्या म्हणजे दहा दिवसांचं औषध. त्यातल्या तू तीन आठवड्यांत सहा दिल्यास. एका दिवसाच्या औषधावर त्या माणसानं एकवीस दिवस काढले. आणि तू मला विचारतेस, माणूस बदलला कसा.

त्यांना दुखतंय, पोरी.

लेकरू कुठं पडलं? गळ्यात. गाठ कुठं आहे? मानेत. नऊ वर्षांचं पोर धावत येऊन सगळ्या अंगाचा भार त्या गाठीवर टाकतं, तेव्हा माणूस ढकलतो. तिथं मी असते तर मीही ढकललं असतं, तूही ढकललं असतंस. कोण आहे हे बघायच्या आधी हात पुढे जातो. पेजेचंही तेच. जबड्याच्या दुखण्यात एक घोट गिळला तरी कळ थेट कानात जाते. वाटी तुझ्यावर फेकली नव्हती. रात्री डुलतात ते आडवं पडवत नाही म्हणून. या तिन्ही गोष्टी तूच लिहिल्यास, एकाखाली एक. त्यांच्याच खाली कुलपाचं लिहिलंस आणि तिथं न थांबता पुढे दीड एकरावर गेलीस.

मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. तू थकली आहेस, दोन लेकरं, घर, आजारी माणूस सगळं एकटीनं ओढतेस, हे मला दिसतं. पण त्या कपाटाची किल्ली तुझ्या कनवटीला आहे. सासूबाईंच्या नाही, दिरांच्या नाही.

पत्रात आणखी एक ओळ आहे आणि तिच्यापुढे तू ‘ते जाऊ द्या’ असं लिहिलंस. मी जाऊ देणार नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, म्हणजे तुझ्या लग्नाच्या आधीपासून. तरी पुडी फाट्यावर मिळत राहिली आणि त्यांच्या खिशात येत राहिली. तू अकरा वर्षं एका सवयीशी भांडलीस आणि हरलीस. म्हणून ‘सवय’ हा शब्द ऐकला की तुझा हात आपोआप कुलपाकडे जातो. ही दुसरी सवय मी घरात शिरू देणार नाही, असं तू ठरवून टाकलंस. मला हे कळतं, आणि कळल्यावर तुला जवळ घ्यावंसं वाटलं. पण पुडीवरचा राग या गोळीवर काढू नकोस. पुडीनं त्यांचा जबडा खाल्ला. ही गोळी त्यांना रात्रीची झोप देणार आहे.

गोळ्या अफूच्या आहेत असं तू ऐकलंस ते खोटं नाही, त्या मॉर्फिनच्या असणार आणि मॉर्फिन अफूपासूनच बनतं. पण नशेसाठी घेणारा माणूस त्या गोळीच्या मागे धावत असतो. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मापानं घेणाऱ्याला फक्त दुखायचं थांबलेलं हवं असतं. अंगाला औषधाची ओळख होते, हे खरं. म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं, डॉक्टर सांगतील तसं कमी करायचं असतं. त्याला व्यसन म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली जगभरच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय की कॅन्सरच्या दुखण्याचं औषध घड्याळ बघून द्यायचं, कळ उठायची वाट बघायची नाही. तू ‘फारच झालं तर’ देतेस. तोवर कळ डोक्यापर्यंत चढलेली असते, गोळी लागू व्हायला वेळ घेते, जरा उतार पडतो आणि चार तासांत पुन्हा पहिल्यासारखं. असं दिल्यावर औषधात दम नाही असंच वाटणार.

माझी थोरली बहीण परभणीला याच दुखण्यात गेली, बरीच वर्षं झाली. शेवटचे दोन महिने ती अंगणात लिंबाखाली बाजेवर असायची. खालचा ओठ तिनं दातांनी चावून चावून काळा केला होता. येणारा जाणारा म्हणायचा, किती सोसते बिचारी. आम्हीही म्हणायचो. आम्हाला अशी गोळी असते हेच कुणी सांगितलं नव्हतं. अफूचं म्हणून हे औषध 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं, आणि त्या कायद्याच्या धाकानं कितीतरी दवाखाने ते ठेवतच नव्हते. 2014 साली कायदा सैल झाला, तरी आजही ते गावच्या मेडिकलवर मिळत नाही. ज्या गोळीसाठी आम्ही काहीही दिलं असतं, त्या चौपन्न तुझ्या कपाटात पातळांच्या घडीखाली पडून आहेत.

आता मी सांगते ते कर. हे वाचून झालं की फाईलवरच्या नंबरला फोन लाव. खरं सांग: गोळ्या दिल्या नाहीत, चौपन्न आहेत, आता वेळेवर सुरू करते. रागावले तर ऐकून घे. ते सांगतील त्या मापानं आज रात्रीपासून सुरू कर. गिळता येत नसेल तर गोळी कुटून चालते का हे त्यांनाच विचार, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात. पहिले तीन-चार दिवस झापड येईल. सासूबाई म्हणतील, बघ, गुंगीत ठेवलं. घाबरू नकोस, किती रात्रींची झोप बाकी आहे त्या माणसाची. मळमळ झाली तर तीही काही दिवसांत कमी होते. मात्र हाक मारून, हलवूनही जागे होत नसतील किंवा श्वास फार सावकाश चालला असेल, तर पुढची गोळी थांबव आणि लगेच डॉक्टरांना कळव. बद्धकोष्ठ हमखास होतं आणि ते आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घे. इतकं करूनही मधेच कळ उठत असेल तर तेही सांग, मापात बदल करता येतो. आणि आठवड्याचा साठा उरला की फाईल घेऊन निघ. पेशंटला न नेता गोळ्या मिळतील का, हे फोनवरच विचारून ठेव. एसटीत तुला अर्धं तिकीट आहे. दिरांची वाट बघू नकोस.

कपाटाचं कुलूप राहू दे, लेकरांच्या हाती गोळ्या लागता कामा नयेत. किल्ली मात्र घड्याळाच्या हुकमात.

दीड एकराचं आज बोलूच नका. कळ डोक्यात असलेला माणूस कशावरही अंगठा देईल. त्यांना चार रात्री झोपू दे. मग त्यांनाच विचार, मुंबईला जायचंय का. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना समोर बसवून नीट सांगितलंय का कुणी? जमीन त्यांची आहे आणि उरलेले दिवसही त्यांचे आहेत.

आता पोराचं. त्याला आज जेवताना सांग, पप्पांच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आहे, तिथं हात लागला की फार दुखतं, म्हणून तुला ढकललं. एवढंच सांग, यात खोटं काहीच नाही. मग त्याला एक वही दे. पट्टीनं रेघा मारून घे त्याच्याकडून: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. डॉक्टरांनी दुसऱ्या वेळा सांगितल्या तर त्या लिही. गोळी तूच द्यायची, तिला त्यानं हात लावायचा नाही. पण तू दिलीस की बरोबरची खूण त्यानं करायची. त्यासाठी त्याला दिवसातून चारदा-पाचदा त्या खोलीत जावं लागेल, आणि ते जाणं त्याला कारणाशिवाय जमणार नाही. बाजेच्या उजव्या बाजूला एक पाट टाकून ठेव. बसला तर बसला, नाही बसला तर हाताला धरून बसवू नकोस.

रात्रीच्या दहाला तो झोपलेला असेल. आजच्या दिवस उठव त्याला.