मुलगा भिडस्त आहे, विमानाच्या कामात टिकेल ना?

प्रश्न : माझा मुलगा विमानांच्या मेंटेनन्सला आहे, रात्रपाळी जास्त असते. पहिल्यापासून असाच, गॅस बंद केला का ते दोनदा बघणार, कोणाशी वाद नाही, मोठ्या माणसांसमोर तर तोंडातून शब्द निघत नाही. शिमग्याला घरी आला तेव्हा म्हणाला, सीनियर म्हणतात तू स्लो आहेस, आणि बरोबरचा एक धडाडीचा मुलगा आहे त्याचं मात्र कौतुक. आता स्वभावाची कसलीतरी टेस्टपण घेणार आहेत म्हणे. स्वभावावरून खरंच कळतं का कोण सेफ काम करेल ते? याने स्वभाव बदलायला हवा का?
— एक आई, देवगड

उत्तर : ताई, दोनदा बघायची सवय अजिबात बदलायची नाही, कोणी कितीही स्लो म्हटलं तरी. बदलायची असेल तर भीड, आणि तीसुद्धा फक्त कामापुरती.

स्वभाव मोजताना मानसशास्त्रात साधारण पाच बाजू बघतात, काटेकोरपणा, जुळवून घेणं, मनाची स्थिरता, बोलकेपणा आणि नव्याची ओढ. वेगवेगळ्या धंद्यांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तर काटेकोर आणि जुळवून घेणारी माणसं नियम कमी मोडतात असं दिसतं, म्हणजे तुमचा मुलगा त्यात चांगलाच बसतो. पण हा संबंध फार घट्ट नाही हो, कामाच्या जागी वातावरण कसं आहे, वरचा माणूस घाई करतो की थांबू देतो, याचं वजन त्याहून जास्त पडतं. त्यामुळे टेस्टचं टेन्शन घेऊ नका, नोकरीतली टेस्ट म्हटल्यावर माणूस बरं दिसेल तेच उत्तर देतो.

१० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० नंबरच्या फ्लाइटची कॉकपिटची काच हवेत उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, क्रूने त्याचे पाय धरून ठेवले म्हणून वाचला. काच आदल्याच दिवशी पहाटे बदललेली. ९० पैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने बारीक होते, मिलिमीटरपण नाही, आणि उरलेले ६ आखूड. बसवणारा नवशिका नव्हता, अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता. त्याने मॅन्युअलमध्ये नंबर न बघता जुन्या बोल्टला जुळवून नवे घेतले, आणि तेही नजरेने! स्टोअरच्या माणसाने त्याला सांगितलंही होतं की या काचेला वेगळा बोल्ट लागतो, पण ते सांगणं तिथेच राहिलं. मला या सगळ्या प्रकरणात तो स्टोअरवालाच जास्त आठवतो, कारण त्याला बरोबर माहीत होतं.

तुमच्या मुलाची खरी जोखीम इथे आहे. जुळवून घेणारा माणूस नियम पाळतो खरा, पण काम तपासल्याची सही करताना सीनियर म्हणाला "कर रे सही, मी बघितलंय" तर त्याला नाही म्हणणं जड जातं. कॅनडात १९९३ च्या सुमारास गॉर्डन ड्यूपाँ यांनी मेंटेनन्समधल्या चुकांमागची बारा कारणं काढली, ती आता जगभर शिकवतात, त्यात थकवा आणि दबाव यांच्याबरोबर ठामपणे न बोलणं हेपण आहे. आणि गाफीलपणाही आहे बरं का, तो त्या धडाडीच्या मुलासाठी, शंभर वेळा केलेलं काम, पायऱ्या लिहिलेलं कार्ड न वाचता करायची सवय अशांनाच लवकर लागते. आपल्याकडे हर्णैला किंवा मालवणात खलाशी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, इंजिनाचा आवाज वेगळा येतोय म्हणून सांगतो, वयाने लहान असला तरी, तेवढंच इथेही हवं.

त्याला एक वाक्य पाठ करायला सांगा, "सर, मी स्वतः बघितलं नाही, बघून सही करतो." आवाज चढवायची गरज नाही, वाद नाही, पण सही नाही. मध्येच कोणी हाक मारली, फोन आला, तर परत कामाला लागताना तीन स्टेप मागे जाऊन सुरुवात करायची. शिफ्ट संपताना अर्धं राहिलेलं काम तोंडी सांगायचं आणि लिहायचंसुद्धा. पहाटे तीन ते पाचमध्ये तर जास्तच सांभाळायचं, त्या वेळी शरीरच साथ देत नाही, त्यात स्वभावाचा काही दोष नाही.

गणपतीला आला की त्याला स्लो-फास्टचं काही विचारू नका. तिथे काम थांबवलं म्हणून कोणाला बोलणी बसलीत का, हे विचारा. हो म्हणाला, आणि हे नेहमीचंच असेल, तर मेंटेनन्सचं लायसन्स हातात येताच दुसरी जागा बघायला सांगा. ते लायसन्स डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या स्वतःच्या नावावर देतं, कंपनी बदलली तरी त्याच्याजवळच राहतं.