लाकडी घोडा ‘इलियड’मध्ये का नाही?

प्रश्न : ‘इलियड’चा अनुवाद नुकताच शेवटपर्यंत वाचला. लाकडी घोडा आता येईल, मग येईल, असे म्हणत राहिलो आणि ग्रंथ हेक्टरच्या अंत्यविधीपाशीच संपला. मग ही कथा आली कोठून? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या वाचनातून काही निसटलेले नाही. होमरचे ‘इलियड’ हे महाकाव्य ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धातील थोड्याच दिवसांची हकिगत सांगते आणि ग्रीक वीर ज्यात दडून ट्रॉयमध्ये शिरले तो घोडा तयार होण्याच्या आधीच थांबते. होमरच्याच ‘ओडिसी’त त्याचा उल्लेख तीन ठिकाणी येतो, तोही घडून गेलेली गोष्ट म्हणून : चौथ्या सर्गात स्पार्टाचा राजा मेनेलाउस ती आठवण सांगतो, आठव्यात डेमोडोकस हा अंध गायक ती गातो आणि अकराव्यात ओडिसियस मृतांच्या लोकात ग्रीक वीर अकिलीसच्या छायेला त्याच्या मुलाचे धैर्य वर्णन करून सांगतो. सविस्तर कथा ‘लघु इलियड’ आणि ‘ट्रॉयचा विध्वंस’ या जुन्या काव्यांत होती. परंतु ती काव्ये नष्ट झाली असून प्रोक्लस नावाच्या लेखकाचा गोषवारा आणि इतरांनी उद्धृत केलेल्या काही ओळी एवढेच हाती उरले आहे.

ग्रीक महाकाव्याच्या रूपात ही कथा आज सलग वाचायची असेल, तर बरेच पुढे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास यावे लागते. स्मिर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझ्मिर. तेथील क्विंटस या कवीचे १४ सर्गांचे महाकाव्य ‘पोस्टहोमेरिका’, म्हणजे ‘होमरनंतरचे’, या नावाने ओळखले जाते. त्याला मंगलाचरण नाही. ट्रोजन वीर हेक्टर अकिलीसच्या हातून मारला गेला, येथूनच पहिली ओळ सुरू होते. जणू वाचकाने ‘इलियड’चे शेवटचे पान आत्ताच मिटले आहे. काव्यदेवतांना तो हाक मारतो ती थेट बाराव्या सर्गात, घोड्यात कोण कोण शिरले त्यांची नावे सांगण्याची वेळ आल्यावर. तेथे तो म्हणतो की, गालावर मिसरूड फुटण्यापूर्वी स्मिर्नाच्या परिसरात मी मेंढ्या राखत असताना तुम्हीच माझ्या मनात हे सारे गीत घातले.

या मोजक्या ओळींवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि ते व्यर्थ नाही. नामावळीपूर्वी देवतांना साकडे घालण्याची रीत ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातील नौकांच्या यादीची आहे. मेंढ्या राखताना काव्यदेवता भेटल्या, हे प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने हेलिकॉन पर्वताविषयी सांगितले होते, आणि अलेक्झांड्रियाच्या कॅलिमॅकसने त्या प्रसंगाचे पुन्हा स्मरण केले होते. स्मिर्ना हे तर होमरच्या जन्मस्थानाचा दावा सांगणारे नगर. त्यामुळे हे आत्मचरित्र म्हणून शब्दशः घ्यावे, की आपण कोणाच्या गादीवर बसलो आहोत याची कवीने दिलेली ग्वाही समजावी, असा प्रश्न पडतो. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. मेंढरे खरी असली तरी त्याने फारसे बिघडत नाही.

प्रश्न : हे उत्तरकालीन कवी म्हणजे होमरची उसनवारी, असे मत एका जुन्या वाङ्मयेतिहासात वाचले. ते कितपत ग्राह्य मानावे? — एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : हे मत एकेकाळी सर्रास मांडले जाई. शब्दसंपदा होमरची, उपमा होमरच्या, विशेषणेही होमरची, हे खरेच आहे. पण उसने घेतलेल्या वस्तूचे कवी पुढे काय करतो, ते पाहिल्याशिवाय निकाल देणे घाईचे ठरते. एकच उदाहरण थोडे जवळून पाहू.

‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात मेनेलाउसची पत्नी हेलेन घोड्याभोवती फिरते आणि आत दडलेल्या वीरांच्या बायकांचे आवाज हुबेहूब काढून एकेकाला हाक मारते. अँटिक्लस नावाचा वीर उत्तर देण्याच्या बेतात असतो. ओडिसियस त्याचे तोंड हातांनी घट्ट दाबून धरतो, आणि अथेना हेलेनला दूर नेईपर्यंत सोडत नाही. प्रसंग तेथे संपतो. अँटिक्लसचे पुढे काय झाले, हे होमर सांगत नाही. ईजिप्तमधील ट्रिफिओडोरस या कवीने ट्रॉयच्या पाडावावर ६९१ ओळींचे छोटे महाकाव्य लिहिले, त्यात तो नेमका या मौनात शिरतो. त्याच्या काव्यात ओडिसियसच्या हाताखाली अँटिक्लसचा श्वास कोंडतो आणि तो मरतो. सोबती आवाज न करता रडतात, त्याचा देह घोड्याच्या पोकळ मांडीत लपवतात आणि गार पडलेल्या अंगावर पांघरूण घालतात. होमर ज्याला पाठ नाही, त्याला हा प्रसंग नुसताच करुण वाटेल. ज्याला पाठ आहे, त्याला ओडिसियसच्या चातुर्याची किंमत येथे प्रथमच दिसेल. याला उसनवारी म्हणायचे असेल, तर त्या शब्दाचा अर्थ बराच सैल करावा लागेल.

पूर्वसूरी कोण आणि अनुयायी कोण, हे ठरवतानाही सावध राहावे लागते. पाचव्या शतकातील नोन्नस हा या काळातील सर्वांत प्रभावी कवी. ट्रिफिओडोरसच्या ओळी त्याच्या ओळींशी जुळतात, म्हणून ट्रिफिओडोरस त्याचा अनुयायी, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९७२ मध्ये ईजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेल्या पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक तुकडा प्रसिद्ध झाला. त्यावर ट्रिफिओडोरसच्या काही ओळी होत्या आणि त्याचे अक्षरवळण तिसऱ्या-चौथ्या शतकातील होते. एका फाटक्या चिटोऱ्याने शिष्याला गुरूच्या पिढीच्याही मागे नेऊन बसवले. साम्य दिसले होते ते खोटे नव्हते. कोणी कोणाचे घेतले, ती दिशा मात्र उलटी मानली गेली होती.

क्विंटसने रोमन कवी व्हर्जिल वाचला होता का, याबाबत असा चिटोरा अजून हाती आलेला नाही. व्हर्जिलच्या ‘इनीड’ या लॅटिन महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात सर्प ट्रोजन पुरोहित लाओकूनचा आणि त्याच्या दोन मुलांचा जीव घेतात, क्विंटसच्या काव्यात अथेना लाओकूनला आंधळे करते आणि सर्प मुलांनाच नेतात. व्हर्जिलचा सायनन हा ग्रीक हेर गोड बोलून ट्रोजनांना फसवतो; क्विंटसचा सायनन नाक-कान कापले गेल्यावरही खोटेच सांगत राहतो. क्विंटसने लॅटिन वाचून हे हेतुपुरस्सर बदलले, की दोघांनी आज नष्ट झालेली तीच जुनी ग्रीक काव्ये वाचली होती, यावर दोन्ही बाजूंनी ग्रंथ लिहिले गेले आहेत. ग्रीक भाषकांसाठी शब्दार्थ दिलेले व्हर्जिलचे पपायरस ईजिप्तमध्ये सापडले आहेत. म्हणजे ग्रीक माणूस व्हर्जिल वाचणारच नाही, असे म्हणता येत नाही. त्यातून क्विंटसने तो वाचलाच होता, हे मात्र सिद्ध होत नाही.

प्रश्न : या कवींचे वृत्त होमरचेच आहे काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : वृत्त तेच, शिस्त वेगळी. हेक्झामीटरच्या ओळीत सहा गण असतात. पहिल्या पाच ठिकाणी एक गुरू आणि दोन लघू, म्हणजे आपला भगण, किंवा त्याऐवजी दोन गुरू चालतात. सहावा गण दोन अक्षरांचा. पाच जागी दोन पर्याय, म्हणजे ३२ प्रकारच्या ओळी संभवतात, आणि होमर या सर्वांचा वापर करतो. नोन्नस केवळ ९ प्रकार वापरतो, त्यांतही भगणांची रेलचेल असते, त्यामुळे त्याची ओळ धावती वाटते. त्याच्या काळी बोलण्यातला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लोपत चालला होता आणि शब्दातील आघाताला महत्त्व आले होते. म्हणून ओळीच्या अखेरीस आघात कोठे पडावा, याचेही नियम तो पाळतो. अशा सवयी काळनिश्चितीला उपयोगी पडतात. जर्मन अभ्यासक गॉटफ्रीड हेर्मान यांनी १८०५ मध्ये वृत्त आणि भाषा यांच्या आधारे दाखवून दिले की, पुराणकथेतील गायक ऑर्फियसच्या नावावरील ‘आर्गोनॉटिका’ हे प्राचीन म्हणून गौरवले जाणारे काव्य वस्तुतः फार उशिराचे आहे.

प्रश्न : झेलम नदीच्या काठी भारतीयांशी झालेल्या युद्धावर एक ग्रीक महाकाव्य असल्याचे ऐकले. भारताच्या इतिहासासाठी त्याचा उपयोग होतो काय? — एक वाचक, मडगाव

उत्तर : जवळजवळ नाही, आणि हे आधीच स्पष्ट केलेले बरे. ते काव्य म्हणजे नोन्नसचे ‘डायोनिसियाका’. कवी ईजिप्तमधील पॅनोपोलिसचा, म्हणजे आजच्या अख्मीमचा. ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ यांचे मिळून होतात तितके, म्हणजे ४८ सर्ग त्याने रचले; त्यांच्या ओळी २० हजारांहून अधिक आहेत. प्राचीन ग्रीकमधून आपल्यापर्यंत आलेले हे सर्वांत दीर्घ काव्य. योहानकृत शुभवर्तमानाचे पद्य रूपांतरही त्याच्याच नावावर आहे, आणि मद्यदेवतेचा हा कवी ख्रिस्ती होता काय, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. ‘डायोनिसियाका’च्या १३ ते ४० या सर्गांत मद्यदेव डायोनिससची भारतावरील मोहीम येते. त्याचा प्रतिस्पर्धी राजा देरिआदेस हा हिदास्पीसचा, म्हणजे झेलमचाच पुत्र. आपले देव पृथ्वी आणि पाणी एवढेच, असे तो ठणकावतो. आपल्या पुराणांचा पत्ता या भारतात लागत नाही.

या भारताची उत्पत्ती ग्रीक ग्रंथांत शोधावी लागते. युरिपिडीसच्या ‘बाकाय’ या नाटकात डायोनिसस आपण फिरलेले देश मोजतो, तेव्हा तो बॅक्ट्रियापर्यंत, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसरापर्यंत, येतो. भारताचे नाव नाही. इ. स. पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरने झेलमकाठी पोरसशी लढाई केली, आणि त्यानंतर देवाची स्वारीही भारतापर्यंत लांबली. राजाच्या पावलांवर पाऊल टाकून देव आला, असे म्हणावे लागते. देरिआदेस हे नावही नोन्नसची निर्मिती नव्हे. डायोनिसियस नावाच्या आधीच्या कवीच्या ‘बासारिका’ या काव्याचे जे तुकडे उरले आहेत, त्यांत ते सापडते.

नदीचा प्रसंग मात्र मुळातून वाचावा. ‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गात स्कामँडर नदी अकिलीसवर उसळते आणि अग्निदेव हिफेस्टस तिला भाजून काढतो. नोन्नसकडे हिदास्पीस उसळतो तेव्हा दुसऱ्या देवाची गरज उरत नाही, डायोनिसस स्वतःच पाण्याला आग लावतो, आणि अखेर नदी गयावया करू लागते. पंचविसाव्या सर्गाच्या आरंभी तर तो उघडच सांगतो की, होमरप्रमाणे आपणही युद्धाची पहिली सहा वर्षे सोडून सातव्या वर्षाचे गायन करू. राउझ यांचा इंग्रजी गद्य अनुवाद १९४० मध्ये तीन खंडांत निघाला. पहिल्या सर्गापासून सुरुवात केल्यास बहुतेकांचा उत्साह बारा सर्गांत संपतो; त्यापेक्षा २१ ते २५ हे सर्ग आधी वाचावेत, आणि शेजारी ‘इलियड’चा एकविसावा सर्ग उघडून ठेवावा.