बाबांचा 'अनमिथिलेटेड' रिपोर्ट आणि भावाने शोधलेली गोळी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबांना ग्लिओब्लास्टोमा (मेंदूतली कॅन्सरची गाठ), ऑपरेशन झालंय, रिपोर्टमध्ये 'एमजीएमटी अनमिथिलेटेड', आणि डीएनएची दुरुस्ती बंद पाडणारी पार्प इनहिबिटर गोळी बाहेरून मागवून टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळीसोबत सुरू करू, असं भाऊ म्हणतोय. मी डॉक्टर नाही. मॉलिक्युलर पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये हीच तपासणी वर्षानुवर्षं केली, तेवढ्याच अधिकाराने लिहिते.

टेमोझोलोमाइड डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटाचे ठिपके चिकटवतं. बहुतेक ठिपके भलत्याच जागी पडतात. घात करतो तो ग्वानिनच्या (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक; थायमिन, सायटोसिन ही आणखी दोन) ओ-६ जागेवरचा, आणि तो जेमतेम ५ ते १० टक्के. पेशी दुभंगताना अशा ग्वानिनसमोर चुकून थायमिन बसतं. जोडी चुकली की सुधारणारी यंत्रणा धावत येते, थायमिन उपटते, पण बिघडलेलं ग्वानिन जागच्या जागीच, त्यामुळे पुन्हा थायमिनच बसतं. हे उपटणं-बसवणं चालत राहतं आणि शेवटी धागा तुटतो. म्हणजे पेशीला मारते ती तिचीच दुरुस्ती!

एमजीएमटी हे प्रथिन त्याआधीच पोचून तो मिथाइल स्वतःवर ओढून घेतं. एका रेणूने एक ठिपका काढला की तो रेणू कायमचा बाद. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या तोंडाशीच मिथाइल असले, तर ते बनतच नाही. रिपोर्टमधलं 'मिथिलेटेड' ते हे; नसले तर 'अनमिथिलेटेड'. (औषधाचा मिथाइल वेगळा, जनुकावरचा वेगळा. आमच्याकडे येणारी नवी मुलंसुद्धा इथे हमखास गोंधळायची.) २००५ च्या युरोप-कॅनडातल्या अभ्यासात मिथिलेटेड गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगले) नुसत्या रेडिएशनवर १५.३ महिने होतं, टेमोझोलोमाइड जोडल्यावर २१.७. अनमिथिलेटेड गटात ११.८ आणि १२.७. फरक थोडा, पण म्हणून डॉक्टरांना न विचारता टेमोझोलोमाइड थांबवू नका.

दुरुस्तीच बंद पाडू, हा विचार भावाच्या आधी पुष्कळांनी केलाय. ओ-६ बेंझिलग्वानिन नावाच्या औषधाने एमजीएमटी बंद पडतंही. पण बोन मॅरोमधल्या पेशीसुद्धा त्याच प्रथिनाच्या भरवशावर असतात. पेशंटच्या पांढऱ्या पेशी कोसळायला लागल्या, टेमोझोलोमाइडचा डोस खूप खाली आणावा लागला, आणि टेमोझोलोमाइडला दाद न देणाऱ्या ग्लिओब्लास्टोमात फायदा दिसला नाही. पार्प इनहिबिटरचं घोडंही तिथेच अडतं. पार्प बाकीच्या ठिपक्यांच्या दुरुस्तीत लागतं, म्हणून लॅबमधल्या पेशींवर ही जोडी झकास चालते. प्रत्यक्षात व्हेलिपारिब (ओलापारिब, निरापारिब यांच्यासारखंच एक पार्प इनहिबिटर) टेमोझोलोमाइडला जोडून मोठी चाचणी झाली, तीही मिथिलेटेड पेशंटवर, आणि आयुष्य लक्षणीय वाढलं नाही. ओलापारिब गाठीत पोचतं हे दिसलंय, पण टेमोझोलोमाइडसोबत रोज दिलं की रक्त ढासळतं, म्हणून मध्ये दिवस सोडून द्यावं लागलं. अनमिथिलेटेड पेशंटसाठी निरापारिबची एक चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात ते टेमोझोलोमाइडच्या जागी देतात, सोबत नाही. भावाला एवढं जरूर दाखवा. घरच्या घरी ही जोडी जमवणं म्हणजे बाबांच्या मॅरोवर प्रयोग करणं.

त्यापेक्षा मी आधी तपासणीकडे बघेन. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा पॅराफिनच्या मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. त्यातून कागदासारखे पातळ काप घेतो, डीएनए काढतो, त्यावर बायसल्फाइट हे रसायन घालतो. मिथाइल नसलेलं सायटोसिन बदलून युरासिल होतं, मिथाइल असलेलं तसंच राहतं. मशीन तेवढा फरक वाचतं. त्या कापात गाठ किती आणि मेलेला किंवा निरोगी मेंदू किती, हे मशीनला कळत नाही. एका पेशंटचा ब्लॉक आमच्याकडे 'अनमिथिलेटेड' निघाला होता. स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली तर निम्म्याहून जास्त भाग मेलेला. ऑपरेशनच्याच दुसऱ्या ब्लॉकवर तपासणी केली, तर मिथिलेटेड.

बाबांच्या बाबतीत असंच असेल असं नाही, बहुतेकदा पहिला रिपोर्ट बरोबरच असतो. पण विचारायला पैसे पडत नाहीत. पॅथॉलॉजिस्टना तीन गोष्टी विचारा: तपासलेल्या भागात गाठीच्या पेशी किती टक्के होत्या, पद्धत पीसीआरची की पायरोसिक्वेन्सिंगची (मिथाइल वाचायच्या दोन वेगळ्या पद्धती), आणि आकडा सीमारेषेजवळ होता का. नुसत्या इम्युनो स्टेनवरून (स्लाइडवर प्रथिनाला रंग देऊन) लिहिलं असेल, तर पुन्हा करायला सांगा. त्याच भेटीत आयडीएच हे दुसरं जनुक तपासलंय का तेही बघून घ्या. चाचणीत भाग घ्यायचा असेल, तर सीटीआरआयच्या (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) साइटवर शोधून ती यादी ऑन्कॉलॉजिस्टपुढे ठेवा. ब्लॉक हॉस्पिटलमधून घेतलात तर पावती जपा आणि उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर वगैरे ठेवू नका, मेण वितळतं. उत्तरं मिळाली की इथेच टाका, मी बघते.