प्रोपेलरभोवती डक्ट, म्हणजे गोल रिंग, लावला की थ्रस्ट, म्हणजे विमान पुढे ढकलणारा जोर, वाढतो, मग सगळ्या विमानांना तो का लावत नाहीत?

वाढतो, पण विमान जागच्या जागी उभं असताना. तेवढ्याच पॉवरला आणि तेवढ्याच डायमीटरला डक्टवाला प्रोपेलर थिअरीत साधारण 26 टक्के जास्त थ्रस्ट देतो, आणि या 26 वरून आमचे भावोजी दर गणपतीत माझ्याशी वाद घालतात.

बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी भाच्यासाठी फोमचं विमान बनवत होतो, भावोजी म्हणाले डक्ट लाव, फुकटचा थ्रस्ट आहे. पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून बसवला. पाइप पूर्ण गोल कुठे असतो, एका बाजूला पातं घासून रेघ उठली, समोरच्या बाजूला चांगली फट, आणि टोकाशी फट राहिली की डक्टचा निम्मा अर्थच जातो. कापलेली कडही धारदार, वजनकाट्यावर थ्रस्ट मोजला तर काही फरक नाही. मग थर्माकोल घासून पुढे जाड गोल ओठ चिकटवला, कारण हवा त्या ओठावरून वळून आत शिरते तिथे प्रेशर कमी होतं आणि डक्ट स्वतःच पुढे ओढला जातो, जादा थ्रस्ट तिथून येतो. काटा लगेच चढला, भावोजी म्हणाले बघ! मैदानात मात्र टेकऑफ मस्त, पण सरळ उडताना फुल थ्रॉटलला उघड्या प्रोपेलरपेक्षा हळू, आणि बॅटरी आधी संपली.

होणारच ना. वेग वाढला की ओठावरची ओढ कमी होते आणि रिंगचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वेगाच्या वर्गाने वाढतो, वर वजन वेगळंच. आणि तेच 26 टक्के उघड्या प्रोपेलरचा एरिया दुप्पट केला, म्हणजे डायमीटर 1.41 पट केला, तरी मिळतात. जागा असेल तर प्रोपेलर मोठा करा, संपला विषय. बडोद्यात ज्याचा कारखाना आहे त्या सी-295 या लष्करी मालवाहू विमानालाही सहा पात्यांचे उघडेच प्रोपेलर आहेत. 1932 मध्ये इटलीच्या लुइजी स्टिपांनी तर विमानाचं अख्खं फ्युजलाजच, म्हणजे धडच, डक्ट केलं होतं, उडालं छान, पण मिळालेला फायदा ड्रॅगने खाल्ला. उभ्या विमानाचा थ्रस्ट म्हणजे एफिशियन्सी नव्हे, भावोजी वाचत असतील तर हे त्यांनाच आहे.

हां, डक्ट वाईट असतो असं नाही. जागा कमी, वेग कमी, आसपास माणसं असतील तर लावाच, हेलिकॉप्टरच्या शेपटीतला फेनेस्ट्रॉन (रिंगमधला पंखा) किंवा टगबोटीचं कोर्ट नोझल (पाण्यातल्या प्रोपेलरभोवतीची रिंग) त्यासाठीच आहे. फक्त फट डायमीटरच्या एक टक्क्याच्या आत ठेवा, ओठ गोल ठेवा, आणि क्रूझला, म्हणजे एका वेगाने सरळ उडताना, किती वॅट लागतात ते मोजल्याशिवाय कोणाचं ऐकू नका.