ऑरेमचं बेसमेंट आणि सोमवारचं धुणं

अगं, तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. आमच्या जावयांची बदली अमेरिकेत युटा राज्यातल्या लीहायला पक्की झाली, जवळच्या ऑरेम गावात एका घराचं बेसमेंट भाड्याने मिळतंय, भाडं झेपतंय, घरमालकीण फोनवर गोड बोलली. इथवर सगळं छान. मग ती म्हणाली की तिचा अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांसाठी ‘मिशनवर’, म्हणजे त्यांच्या मॉर्मन पंथाचा प्रचार करायला, चाललाय आणि दर बुधवारी घरी दोन मिशनरी जेवायला असतात. तेव्हापासून तुझ्या पोटात गोळा आलाय. हे लोक आपल्याला बाटवतील का, ती पोरं दिवसभर करतात काय, दार उघडायचं की नाही, असे तीन प्रश्न तू विचारलेस.

बाटवणार कोणी नाही. विचारतील मात्र नक्की, आणि हसतमुखाने विचारतील. मी 2016 साली युटात आले तेव्हा चार वर्षं अशाच एका बेसमेंटमध्ये काढली. त्या घरात धुण्याचं मशीन एकच, तेही आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. दर सोमवारी सकाळी मालक वरून खाली यायचे, बाहेरचं दार उघडायचे आणि पाठीवर कपड्यांच्या पिशव्या टाकून दोन पोरं आत यायची. त्यांचा आठवडा मला त्या मशीनच्या आवाजातून कळत गेला, म्हणून तिथूनच सांगते.

आधी थोडं नावाबद्दल. आपण ‘मॉर्मन’ म्हणतो, पण 2018 मध्ये त्यांच्या अध्यक्षांनीच हे टोपणनाव सोडा म्हणून सांगितलं. पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. 1830 मध्ये जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात पंथ काढला, तो मारला गेल्यावर ब्रिगहम यंग मंडळींना घेऊन 1847 मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आला. तो दिवस 24 जुलै. त्या दिवशी इथे सुट्टी असते आणि ४ जुलैइतकेच फटाके उडतात. तोंडात ‘मॉर्मन’ बसलंय त्याला इलाज नाही, माझ्याही बसलंय. फक्त मालकिणीसमोर जपून.

तर ती पोरं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला. बिल्ल्यावर ‘एल्डर’ आणि आडनाव. एल्डर म्हणजे ज्येष्ठ! मिसरूड धड फुटलेलं नाही आणि म्हणे ज्येष्ठ. मुलींच्या बिल्ल्यावर ‘सिस्टर’. 2012 पासून मुलांना अठराव्या आणि मुलींना एकोणिसाव्या वर्षी जाता येऊ लागलं आणि संख्या एकदम फुगली. नोव्हेंबर 2025 पासून मुलींनाही अठराव्याच वर्षी जाता येतं. जगभर अशी 70 हजारांच्या वर मुलं-मुली आहेत. मुलांची दोन वर्षं, मुलींची दीड. कुठे जायचं हे त्यांच्या हातात नसतं, बोलावणं येतं. पूर्वी मोठं पांढरं पाकीट यायचं, आता ईमेल येतो. सगळं गणगोत जमवून तो वाचायचा, कोणी ब्राझील तर कोणी मंगोलिया. ऑरेमचा पोरगा फिलिपीन्सला जातो आणि ब्राझीलचा ऑरेमला येतो.

पगार नाही. उलट घरच्यांनी पैसे भरायचे. मी आले तेव्हा महिन्याला 400 डॉलर होते, जुलै 2020 पासून अमेरिकेतल्या मुलांसाठी 500 झाले. म्हणजे दोन वर्षांचे 12 हजार. कितीतरी मुलं लहानपणापासून गवत कापून, बर्फ उपसून हे साठवतात. तुझ्या मालकिणीचा मुलगा शिक्षा म्हणून चाललेला नाही गं. मात्र न जाणाऱ्याकडे आणि मध्येच परत येणाऱ्याकडे लोक कसे बघतात तेही मी पाहिलंय. आमच्या गल्लीतला एक मुलगा पाच महिन्यांत परत आला. त्याला कोणी वाकडं बोललं नाही, पण कोणी काही विचारलंही नाही, आणि ते मला जास्त वाईट वाटलं.

सोमवार हा त्यांचा सुट्टीचा वार, ‘पी-डे’, म्हणजे तयारीचा दिवस. सुट्टी तरी कसली, संध्याकाळी सहापर्यंत धुणं, वाणसामान, केस कापणं, घरी पत्र. उरलेल्या वेळात चर्चच्या हॉलमध्ये बास्केटबॉल. इथल्या बहुतेक चर्चच्या इमारतीत बास्केटबॉलचं कोर्ट असतं, तुला नवल वाटेल. मी आले तेव्हा घरी फक्त ईमेल चालायचा, फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी 2019 मध्ये नियम बदलला आणि दर आठवड्याला फोन करायची मुभा मिळाली. त्यानंतरच्या एका सोमवारी मी भाकऱ्या थापत होते. मशीनपाशी त्यातला ब्राझीलचा पोरगा आईशी व्हिडिओवर बोलत होता. पोर्तुगीज, मला ओ की ठो कळलं नाही. पण मध्येच त्याने मशीनचं झाकण उघडून फोन आत धरला आणि आईला फिरणारे शर्ट दाखवले. मग एक शर्ट पिळून कॉलर फोनसमोर धरली. तिकडून काहीतरी सूचना आल्या. त्याने मुकाट्याने कॉलरला पुन्हा साबण लावला.

मंगळवारपासून जुंपतात. साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग स्वतःचा अभ्यास, जोडीदाराबरोबर अभ्यास, परभाषेत काम असेल तर तिचाही अभ्यास. दहाच्या सुमारास घराबाहेर. दुपारी जेवण, रात्री नऊ-साडेनऊला परत, दुसऱ्या दिवसाचं नियोजन, साडेदहाला दिवा बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मैत्रीण तर नाहीच. आणि जोडीदार एकमेकांच्या नजरेआड होऊ द्यायचा नाही. न्हाणीघर सोडलं तर चोवीस तास एकच माणूस, तोही तुम्ही न निवडलेला. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या येतात. तो गेला तर दुसरा, किंवा तुम्हीच गावाबाहेर. मला तर हेच सगळ्यात अवघड वाटतं. देवाधर्माचं एक वेळ निभेल, पण घोरणारा जोडीदार?

मंगळवारी बहुधा आसपासच्या मिशनरींची बैठक असते. त्यात कोणाला काय शिकवायचं ते एकमेकांवर करून बघतात, एकजण घरमालक होतो, दुसरा दार वाजवतो. मग गाठीभेटी. युटात ते दारोदार कमी हिंडतात, कारण अर्धी दारं त्यांचीच. ओळखीपाळखीतून नवं माणूस शोधतात. तू म्हणजे नवं माणूस. आठवड्याच्या शेवटी हिशेब द्यावा लागतो, किती नव्या लोकांना शिकवलं, किती जण रविवारी चर्चला आले, बाप्तिस्म्याची तारीख कोणी ठरवली. तू दारात गोड हसून काही बोललीस की ते कुठेतरी लिहिलं जातं, एवढं ध्यानात ठेव.

आता आमची फजिती ऐक. पहिल्याच महिन्यात दोघं जिन्यात भेटले. भेटायला येऊ का म्हणाले. मी सांगलीची, तोंडावर नाही म्हणायची सवय नाही. म्हटलं, “बघू, या कधीतरी.” आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी विचारलं, गुरुवारी चार वाजता? मी म्हटलं, “हो हो, बघू.” गुरुवारी चाराच्या ठोक्याला दारात हजर. हे ऑफिसात, मी एकटी, बाहेर बर्फ. म्हटलं आत या. येईनात. पुन्हा म्हटलं. दोघं एकमेकांकडे बघतात, हसतात, बूट झटकतात, पण उंबरा ओलांडत नाहीत. मला आधी वाटलं लाजतात, मग वाटलं आमच्या घरात पाय ठेवायला कसलातरी विटाळ आहे की काय. चिडून मी चहा केला, आलं घालून, आणि पेले दारातच दिले. पेले हातात धरून शेकत बसले, घोट काही घेईनात. आता मात्र माझं डोकंच फिरलं.

संध्याकाळी मालकीणबाईंनी उलगडा केला. घरात दुसरा पुरुष नसेल तर एकट्या बाईच्या घरात एल्डरांनी जायचं नाही, नियमच आहे. आणि चहा, कॉफी, दारू, तंबाखू चारही वर्ज्य. म्हणजे बिचाऱ्यांना मी एका दमात दोन नियम मोडायला लावत होते. बर्फात उभं राहून त्यांनी दोन्ही पाळले आणि माझा पेलाही परत केला नाही. त्यानंतर मी एशियन मार्केटमधून गवती चहा आणायला लागले. वनस्पतींचा काढा त्यांना चालतो. फक्त नावात ‘चहा’ आहे हे मी कधी सांगितलं नाही.

बुधवारच्या जेवणाबद्दल तुला धास्ती वाटली, त्याचं उत्तर तुझ्या पणजोबांकडे आहे. ते पुण्यात वार लावून जेवले ना? सोमवार जोशांकडे, मंगळवार लेल्यांकडे? तस्सं. चर्चच्या वॉर्डातली, म्हणजे त्या भागातल्या मंडळीतली, कुटुंबं यादीत नावं घालतात, कुठला वार कोणाचा ते ठरतं. पोरं सांगितलेल्या वेळी येतात, जेवतात, पाच-दहा मिनिटं धर्माचं बोलतात, ताट उचलून निघतात. तासाच्या वर थांबत नाहीत. आम्हीही पुढे महिन्यातून एक वार लावला, हे घरी असतील असा. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. त्या दिवशी जोडीत आयडाहोचा एक होता, शेतकऱ्याचा मुलगा. बटाट्याची पिवळी भाजी त्याने तीनदा घेतली आणि बटाटा कुठल्या जातीचा म्हणून विचारलं. आपल्याला काय माहीत? पिशवीवर वाचून सांगितलं.

कामं मात्र सांग, ती आनंदाने करतात. सामान हलवणं, बर्फ काढणं, बागेतलं खोदकाम यासाठी ते आठवड्यातला वेळ काढून ठेवतात. आमचा सोफा बेसमेंटच्या वळणदार जिन्यातून टाय न सोडता खाली आणला. बदल्यात काही मागितलं नाही. नंतर पुस्तक मात्र दिलं. ‘बुक ऑफ मॉर्मन’, निळं. घेतलंस म्हणून तू बांधली जात नाहीस. वाचायचं नसेल तर तेही सांग.

शनिवारी बहुधा बाप्तिस्मे. मालकीणबाईंनी एकदा नेलं होतं. टाकीत कमरेएवढं पाणी, एल्डर आणि ती मुलगी दोघं पांढऱ्या कपड्यांत. संपूर्ण बुडायला हवं, दोन साक्षीदार बघत असतात. तिच्या वेणीचं टोक पाण्यावर तरंगलं म्हणून पुन्हा बुडवलं. कोणी हसलं नाही, मीच ओठ चावून बसले. रविवारी दोन तास चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्याचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. आपल्यासारखा साबुदाण्याचा उपास नव्हे, पाणीसुद्धा नाही. त्या रविवारी दुपारी त्यांना खाऊ देऊ नकोस, मी देऊन बसलेय.

या आठवड्याची सवय लागलेली माणसंच पुढे तुझे शेजारी, जावयांचे साहेब होतात, म्हणून एवढं लिहिलं. इथे ऑफिसात गोरागोमटा माणूस मध्येच फाडफाड कोरियन किंवा फिलिपीन्सची तागालोग बोलतो, तो मिशनचाच प्रताप. पहिल्याच दिवशी केकची प्लेट घेऊन दार वाजवणारी शेजारीणही बहुधा एके काळी बिल्ला लावून कुठेतरी दारं वाजवत हिंडलेली असते. तिचा तो गोडवा खोटा नाही. त्यात चर्चला येशील ही आशाही असते, आणि दोन्ही एकाच प्लेटवर येतात. मी स्पष्ट नाही म्हटल्यावर एकीचं येणं थांबलं. बाकी चौघी अजून येतात.

तेव्हा ‘बघू’ म्हणू नकोस. पहिल्याच भेटीत, हसून, पण पूर्ण वाक्यात सांग की आमचा धर्म आहे, आम्हाला बदलायचा नाही, पुन्हा त्यासाठी येऊ नका, जेवायला या. चिडत नाहीत. दिवसभर ‘नाही’ ऐकायची सवय असते, उलट लवकर कळलं तर त्यांचा गुरुवार वाचतो. आणि एकटं वाटेल ही भीती असेल तर साउथ जॉर्डनला गणपतीचं मंदिर आहे, तिथे आपली माणसं भेटतात. स्पॅनिश फोर्कला राधाकृष्णाचं मंदिर आहे, तिथली रंगपंचमी एकदा बघच. रंगात न्हालेले हजारो लोक आणि त्यातली बरीचशी ब्रिगहम यंग युनिव्हर्सिटीची, दारू न पिणारी, मिशन करून आलेली पोरं.

घर घेण्याआधी मालकिणीला तीन गोष्टी विचार. येण्याजाण्याचं दार वेगळं आहे का, फोडणीचा धूर बाहेर जायला पंखा आहे का, आणि धुण्याचं मशीन कोणकोणत्या वारी मोकळं असतं. सोमवार मागू नकोस.