गुन्हेगारीचा पुरस्कार?

सोलापुरातल्या एका वाचनालयाची विचारणा आहे: वर्धापनदिनी रहस्यकथालेखकांना गौरवायचं आहे, पत्रिकेत ‘उत्कृष्ट गुन्हेगारी साहित्याचा पुरस्कार’ छापलं तर चालेल का? की ‘फौजदारी कथा’ म्हणावं?

छापू नका. ‘पुरस्कार’ म्हणजे मुळात पुढे करणे, म्हणून आपण विधवाविवाहाचा पुरस्कार करतो, त्याची बाजू घेतो. मागे ‘चा’ लागला की हा अर्थ लगेच डोकं वर काढतो, आणि वाचनालय गुन्हेगारीची भलामण करतंय असं वाटतं. ‘चा’ काढला की निम्मं दुखणं जातं. ‘पुरस्कृत कथा’ही नको. ‘पाकपुरस्कृत’ वाचून वाचून त्या शब्दाला ‘पाठबळ दिलेला’ हाच वास लागलाय. ‘पुरस्कारप्राप्त’ बरा.

उरलेलं दुखणं ‘गुन्हेगारी’चं. ‘गुन्हेगारी टोळी’ म्हणजे गुन्हे करणारी टोळी. मग ‘गुन्हेगारी कादंबरी’ म्हणजे? कादंबरीच आरोपीच्या पिंजऱ्यात! पोलिसांची ‘गुन्हे शाखा’ पाहा, तिला कुणी ‘गुन्हेगारी शाखा’ म्हणत नाही. त्याच चालीवर ‘गुन्हेकथा’ करावा, आणि तो जोडूनच लिहावा. ‘फौजदारी’ हा शब्द सोलापुरात, ‘फौजदार चावडी’ नावाचं पोलीस ठाणं असलेल्या गावात, सुचणारच, पण त्याच्या मागोमाग ‘दिवाणी’ येते आणि कोर्टाची तारीख आठवते.

रहस्यकथा आणि गुन्हेकथा एक नव्हेत. ‘रहस्’ म्हणजे एकांत. रहस्यकथेत काहीतरी शेवटपर्यंत झाकलेलं लागतं. गुन्हेकथेत खुनी पहिल्याच पानावर कळला तरी बिघडत नाही. नियमावलीत नुसतं ‘रहस्यकथा’ लिहिलंत, तर अशी चांगली कथा एक परीक्षक बाद करील, दुसरा पहिला क्रमांक देईल.

भाषणात परदेशी पुरस्कारांची नावं आली तर भाषांतर करू नका. रहस्यकथाकार एडगर ॲलन पोच्या नावाचा अमेरिकेतला ‘एडगर’ १९४६ पासूनचा, त्याला मराठी करायचं म्हटलं तरी जमणार नाही. ब्रिटनचा ‘गोल्ड डॅगर’ मात्र ‘सुवर्णखंजीर’ होऊन बसतो आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. १९५५ साली तो सुरू झाला तेव्हा नाव होतं ‘क्रॉस्ड रेड हेरिंग’. ‘डॅगर’ आला १९६० मध्ये. यातल्या ‘रेड हेरिंग’ला, म्हणजे वाचकाला भलत्याच संशयितामागे धाडणाऱ्या धाग्याला, आपल्याकडे फर्मास शब्द आहे: चकवा. रात्री शिवारात माणसाला फिरवून फिरवून त्याच बांधावर आणणारा. समीक्षेत तो खुशाल वापरा.

पत्रिकेवर: ‘उत्कृष्ट रहस्यकथा व गुन्हेकथा पुरस्कार’. सोबत रोख रक्कम असेल तर तिच्यापुढे ‘पारितोषिक’. ‘बक्षिसी’ नको, ती हॉटेलातल्या पोऱ्याला देतात.